आघातातून घडलेल्या दगडाचा मनोरा: न्योर्डलिंगनचा ‘दानिएल’

बैलगाडीच्या काळात लांबून दगड आणणं श्रीमंतांनाही परवडत नसे. म्हणून गावातलं सगळ्यात जुनं देऊळ बघितलं की त्या गावाच्या जमिनीखाली काय आहे ते बहुतेक वेळा कळतं. देशावर काळा बसाल्ट, कोकणात जांभा. जर्मनीतही हाच हिशेब चालतो. पण बव्हेरिया राज्यातल्या न्योर्डलिंगन या लहानशा शहरात तो मांडायला गेलेल्या भूशास्त्रज्ञांची दीडशेहून अधिक वर्षं पंचाईत झाली. शहराच्या मधोमध सेंट जॉर्जचं ल्यूथरन, म्हणजे मार्टिन ल्यूथरला मानणाऱ्या प्रोटेस्टंट पंथाचं, चर्च आहे. त्याच्या पश्चिम टोकाला सुमारे ९० मीटर उंचीचा मनोरा आहे. चर्च आणि मनोरा ज्या करड्या-हिरवट दगडात बांधले आहेत, तो दगड नेमका कशाचा, हे बांधणाऱ्यांना माहीत नव्हतं. त्यांच्यानंतरच्या पंधरा-सोळा पिढ्यांनाही ते कळलं नाही. उत्तर मिळालं ते १९६० साली.

या मनोऱ्याला गावकरी ‘दानिएल’ म्हणतात. बायबलातल्या दानीएलाच्या पुस्तकात राजाने दानीएलाला उच्चपदी बसवून साऱ्या प्रांताचा अधिकारी केल्याची ओळ आहे, त्यावरून हे नाव पडलं असं सांगतात. वर चढून पाहिलं की नाव पटतं. चहूकडे सपाट मैदान, आणि मैदानाच्या पार कडेला, सगळ्या बाजूंनी, कमी उंचीच्या डोंगरांची एक कड. त्या कडेकडे आपण पुन्हा येणारच आहोत.

जत्रेच्या पैशातून चर्च

आधी गाव. न्योर्डलिंगनचा पहिला लेखी उल्लेख ८९८ सालचा आहे. १२१५ मध्ये सम्राट दुसऱ्या फ्रेडरिकने त्याला साम्राज्याच्या मुक्त नगराचा दर्जा दिला. म्हणजे मध्ये कुणी सरदार नाही, कुणी बिशप नाही, थेट सम्राटाला उत्तरदायी. इथली पेंटेकॉस्टच्या सणाची व्यापारी जत्रा १२१९ पासून कागदोपत्री सापडते, आणि पुढची दोन-तीनशे वर्षं दक्षिण जर्मनीतल्या मोठ्या जत्रांमध्ये तिची गणना होत असे. लोकरीचं कापड, कातडं, धान्य यांचा व्यापार होता. पैसा येत होता आणि तो कुठे खर्च करायचा हे नगराची सभा ठरवत होती.

युरोपातले मोठाले मनोरे बघताना ही गोष्ट निसटते. आपण चर्चचा मनोरा म्हणतो, आणि त्याचा संबंध फक्त धर्माशी जोडतो. पण पंधराव्या शतकातल्या मुक्त नगरात मनोरा हा नगराचा असे. शत्रू दिसला, आग दिसली, वेळ झाली, जत्रा सुरू झाली, सभा भरली, हे सगळं तिथूनच कळवायचं. शिवाय शेजारच्या नगरापेक्षा आपला मनोरा उंच असावा, ही साधी ईर्षा होतीच. उल्म हे व्यापारी नगर न्योर्डलिंगनपासून फार लांब नाही. उल्मने जगातला सर्वांत उंच मनोरा बांधायला काढला, १५४३ मध्ये सुमारे १०० मीटरवर काम थांबवलं, आणि तो पुरा व्हायला १८९० उजाडलं. त्या हिशेबात न्योर्डलिंगनवाले शहाणे ठरले. आपल्या ऐपतीएवढा बांधला आणि एका दमात बांधला.

चर्चचं काम १४२७ मध्ये सुरू झालं आणि १५०५ पर्यंत चाललं. मनोऱ्याचा काळ साधारण १४५४ ते १४९०. या अठ्ठ्याहत्तर वर्षांत मुख्य गवंडी अनेकदा बदलले. त्यातला एक निकोलाउस एझेलर, ज्याने जवळच्याच डिंकल्सब्यूलमधलं सेंट जॉर्ज चर्चही उभं केलं. शेवटचं छताचं काम श्टेफान वायरर याच्या हातून झालं. ‘वास्तुविशारद’ हा शब्द इथे मला खटकतो. ही माणसं दगड घडवत वर आली होती. हिशेब दोरी, खुंटी आणि कर्कटकाने मांडत होती, आणि आपल्यानंतर येणाऱ्या गवंड्याला तो पुढे नेता येईल अशा बेताने काम सोडत होती.

चर्च ‘हॉल चर्च’ या प्रकारचं आहे. नेहमीच्या मोठ्या गॉथिक चर्चमध्ये मधलं दालन उंच आणि दोन्ही बाजूंची दालनं ठेंगणी असतात. मधल्या उंच भिंतींना बाहेर ढकलणारा छताचा जोर अडवायला बाहेरून दगडी कमानींचे टेकू द्यावे लागतात. हॉल चर्चमध्ये तिन्ही दालनं जवळपास एकाच उंचीची. मधल्या छताचा बाहेरचा जोर बाजूच्या छतांच्या आतल्या जोराशी बराचसा भिडून जातो, उरलेला जोर बाहेरच्या भिंतीला लावलेले जाड पुस्ते घेतात. कमानींचे टेकू लागत नाहीत. वरून तिन्ही दालनांवर मिळून एकच अवाढव्य उतरतं छप्पर. आत उभं राहिलं तर मोकळं सभागृह वाटतं, वर जाळीसारख्या दगडी फासळ्यांचं छत. आणि अशा जागेत एका माणसाचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचावं अशी सोय आपोआप होते, जी पुढे फार उपयोगी पडली.

नव्वद मीटर उंच दगड उभा कसा राहतो

दगडाचा एक गुण आणि एक अवगुण आहे. त्याला दाबलं तर तो प्रचंड भार सोसतो, ताणलं तर पटकन तुटतो. त्यामुळे दगडी मनोरा बांधणाऱ्याचं सगळं कसब एकाच गोष्टीत असतं: मनोऱ्याच्या कुठल्याही भागावर ताण येऊ द्यायचा नाही, सगळीकडे दाबच राहिला पाहिजे.

वजन सरळ खाली येतं तोवर प्रश्न नसतो. गोंधळ करतो तो वारा. वारा एका बाजूने ढकलतो तेव्हा त्या बाजूच्या भिंतीवरचा दाब कमी होतो, समोरच्या भिंतीवरचा वाढतो. वाऱ्याच्या बाजूचा दाब शून्याखाली गेला की तिथे ताण सुरू होतो आणि सांधे उघडतात. यावर उपाय म्हणजे मनोरा जड करणं. ऐकायला उलटं वाटेल, पण दगडी मनोऱ्याला त्याचं वजनच वाचवतं. पायथ्याशी भिंती जाड, कोपऱ्यांना पुस्ते, खिडक्या अगदी कमी. वर जाल तशा भिंती पातळ होतात आणि खिडक्या वाढतात, कारण वरच्या भिंतीला स्वतःच्या माथ्यावरचंच काय ते वजन पेलायचं असतं.

दानिएलचा खालचा मोठा भाग चौकोनी आहे. वर गेल्यावर तो अष्टकोनी होतो. याला शोभेचं कारण आहे, आणि कामाचंही आहे. चौकोनाचे चार कोपरे छाटले की वजन घटतं, वारा अडवणारी सपाट बाजू लहान होते, आणि माथ्यावर गोल किंवा टोकदार टोपी बसवायला सोय होते. चौकोनाचा अष्टकोन करणं आपल्याकडच्या घुमटकारांनाही नवीन नव्हतं. विजापूरचा गोलघुमट हा त्याच प्रश्नाचा फार मोठा आणि फार वेगळा जबाब आहे.

गॉथिक मनोरा म्हटलं की डोळ्यांसमोर सुईसारखं निमुळतं टोक येतं. दानिएलला ते नाही. अष्टकोनावर सज्जा, आणि त्याच्यावर तांब्याचा पत्रा मढवलेली गोलसर टोपी, तिच्या डोक्यावर कंदिलासारखं छोटं खोपटं. ही टोपी सोळाव्या शतकातली, म्हणजे इटलीकडून आलेल्या नव्या आवडीची. खाली उत्तरगॉथिक आणि वर रेनेसान्स असा हा जोड आहे. काहींना तो अर्धवट वाटतो. मला तो आवडतो. टोकदार सुई लांबून सुंदर दिसते, पण तिच्यात माणूस राहू शकत नाही. इथे माणूस राहतो.

घंटांबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण जुन्या मनोऱ्यांना भेगा पडण्याचं ते एक मोठं कारण असतं. जर्मनीतल्या चर्चमध्ये सहसा घंटा स्थिर टांगून लोलक ओढत नाहीत, अख्खी घंटाच झुलवतात. काही टन वजनाची घंटा झुलली की प्रत्येक झोक्याला मनोऱ्याला आडवा धक्का बसतो. तो धक्का थेट दगडी भिंतीला बसू नये म्हणून घंटा जाड लाकडी चौकटीत टांगतात. लाकूड थोडं वाकतं, थोडं कुरकुरतं आणि धक्का गिळतं.

मनोऱ्याच्या आत लाकडाचं एक मोठं पायचक्रही जपून ठेवलं आहे. माणसं त्याच्या आत चालत राहायची, चक्र फिरायचं, दोर गुंडाळला जायचा आणि सामान वर जायचं. यंत्र म्हणजे काय ते हे पाहून लहान मुलालाही कळतं.

ल्यूथरच्या आधीचा ल्यूथरन मनोरा

मनोरा पुरा झाला तेव्हा मार्टिन ल्यूथर सात वर्षांचा होता. म्हणजे चर्च बांधलं कॅथलिकांनी, कॅथलिक विधींसाठी. १५१७ मध्ये ल्यूथरने पापमुक्तीच्या चिठ्ठ्यांच्या व्यापाराविरुद्ध आपले ९५ मुद्दे मांडले आणि पुढच्या पाच वर्षांत ही चळवळ न्योर्डलिंगनपर्यंत पोचली. १५२२ मध्ये नगराच्या सभेने तेओबाल्ड बिलिकान या ल्यूथरच्या बाजूच्या उपदेशकाला सेंट जॉर्जमध्ये नेमलं. त्याच वर्षी इथल्याच कार्मेलाइट मठाचा प्रमुख काश्पर कान्ट्झ याने उपासनेची नवी पद्धत छापली, लॅटिनऐवजी जर्मनमध्ये. खुद्द ल्यूथरची जर्मन उपासना त्यानंतर चार वर्षांनी, १५२६ ला आली. एवढ्याशा गावाने ही आघाडी मारली, पण इतिहासाच्या पुस्तकांत तिला दोन ओळींपेक्षा जास्त जागा मिळत नाही.

ल्यूथरन पंथात उपदेशाला मध्यवर्ती जागा आहे, म्हणून मघाशी म्हटलेली हॉल चर्चची मोकळी रचना नव्या उपासनेला चपखल बसली. भिंती पाडाव्या लागल्या नाहीत. मूर्तीही बहुतांश वाचल्या. झ्युरिककडच्या सुधारकांनी चर्चमधल्या मूर्ती आणि चित्रं काढून टाकली, ल्यूथरचा मात्र मूर्ती फोडण्याला विरोध होता. म्हणून सेंट जॉर्जच्या मुख्य वेदीवर १४६२ च्या सुमाराचं लाकडी क्रूसशिल्प अजून आहे. ते निकोलाउस गेर्हार्ट या त्या काळच्या नामांकित शिल्पकाराचं मानलं जातं. त्याच वेदीसाठी फ्रिडरिश हेर्लिनने रंगवलेली चित्रफळकं गावच्या संग्रहालयात ठेवली आहेत.

‘ल्यूथरन’ हा शब्द मराठी इतिहासाला अगदीच परका नाही, हे जाता जाता. तंजावरचे दुसरे सरफोजी राजे लहानपणी ज्यांच्या देखरेखीखाली वाढले ते क्रिस्टियान फ्रिडरिश श्वार्ट्झ जर्मन ल्यूथरन धर्मोपदेशक होते.

वरचा माणूस

मनोऱ्यात आजही पहारेकरी असतो. रात्री दहा ते बारा, दर अर्ध्या तासाने, तो सज्जावरून खाली हाक देतो: “झो, क्झेल, झो!” म्हणजे साधारण “बरं, गड्या, बरं!” पूर्वी या हाकेला वेशीवरचे पहारेकरी उत्तर देत. उत्तर आलं नाही तर वेशीवरचा माणूस झोपला, नाहीतर फितूर झाला, असं समजायचं. हाक मारण्यामागे पहाऱ्यावर पहारा ठेवण्याची युक्ती होती.

गावात या हाकेची एक गोष्ट सांगतात. १४४० मध्ये ओटिंगनच्या सरदाराने वेशीच्या पहारेकऱ्यांना पैसे चारून रात्री दरवाजा उघडा ठेवायला लावला. त्या रात्री एक बाई नवऱ्यासाठी बिअर आणायला निघाली होती. तिला एक डुकरीण वेशीच्या दारावर अंग घासताना दिसली आणि दार हललं. बाईने पहारेकऱ्याला उद्देशून हेच शब्द ओरडून गाव जागं केलं. यातला फितुरीचा भाग खरा आहे, त्या वर्षी फितुरांना शिक्षा झाली होती. डुकरिणीबद्दल मात्र मी हात वर करतो. आणि एक अडचण आहेच: आज जिथून हाक येते तो मनोरा १४४० मध्ये नव्हताच, त्याचा पाया आणखी चौदा वर्षांनी घातला गेला. गावकऱ्यांना याने काही फरक पडत नाही, पडूही नये. डुकरीण गावात आज ठिकठिकाणी दिसते.

पहारेकऱ्याचं खरं काम आगीवर नजर ठेवण्याचं होतं. लाकडी चौकटीची घरं, दाटीवाटीच्या गल्ल्या. वरून धूर आधी दिसतो आणि कुठल्या गल्लीत दिसला ते सांगता येतं. ३५० पायऱ्या चढून रोज नोकरीला जाणाऱ्या माणसाचे गुडघे कसे असतील याचा विचार मात्र कुठल्या कागदपत्रात सापडत नाही.

तीस वर्षांच्या युद्धात सप्टेंबर १६३४ मध्ये गावाबाहेर मोठी लढाई झाली. स्वीडन आणि त्याच्या जर्मन प्रोटेस्टंट मित्रांचं सैन्य गावचा वेढा उठवायला आलं होतं, सम्राट आणि स्पेनच्या एकत्र फौजांनी त्यांचा धुव्वा उडवला. त्यानंतर गाव शरण गेलं. साथी, उपासमार, खंडणी. जत्रेचं वैभव पुन्हा परत आलं नाही. १८०३ च्या सुमारास मुक्त नगराचा दर्जाही गेला आणि गाव बव्हेरियाचं झालं. आज न्योर्डलिंगनची पुरी २.७ किलोमीटर लांबीची तटबंदी, पाच वेशी, जुनी घरं जशीच्या तशी दिसतात याचं श्रेय पुरातनप्रेमाइतकंच त्या गरिबीला जातं. नवं बांधायला पैसाच नव्हता.

आता दगड

न्योर्डलिंगन ज्या मैदानात आहे त्याला ‘रीस’ म्हणतात. व्यास सुमारे २४ किलोमीटर, आकार जवळपास गोल, भोवती डोंगरांची कड. आंतरजालावर या गावाचा वरून घेतलेला फोटो फिरतो आणि खाली लिहिलेलं असतं की गावाची गोल तटबंदी म्हणजेच विवराची, म्हणजे या गोल खड्ड्याची, कड. तसं नाही. तटबंदीच्या आतलं गाव जेमतेम एक किलोमीटर रुंद आहे, विवर त्याच्या चोवीसपट. गाव विवराच्या मध्यावरही नाही, नैऋत्येकडे सरकलेलं आहे.

हे मैदान आणि इथला विचित्र दगड पाहून अठराव्या शतकाच्या अखेरीपासून अभ्यासकांचं मत पडलं की हा ज्वालामुखी असावा. दगडात काचेचे तुकडे आहेत, म्हणजे काहीतरी वितळलं होतं. मग ज्वालामुखीचं तोंड कुठे? लाव्हा कुठे? काहींनी हिमनदीला जबाबदार धरलं. वॉल्टर क्रान्झ नावाच्या लष्करी अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीत दारूचे स्फोट करून पाहिले आणि सांगितलं की एकाच प्रचंड स्फोटातून हे घडलं असलं पाहिजे. तो उत्तराच्या फार जवळ गेला होता, पण स्फोट जमिनीखालून झाला असं धरून चालला. वरून काही पडलं असेल असं म्हणणारेही अधूनमधून निघाले, १९०४ मध्ये आणि पुन्हा १९३६ मध्ये. त्यांचं कुणी ऐकलं नाही. आकाशातून दगड पडून चोवीस किलोमीटरचा खड्डा होतो, ही कल्पनाच तेव्हाच्या भूशास्त्राला पोरकट वाटत होती.

तिढा सुटला तो वाळूतल्या साध्या खनिजामुळे. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटी. १९५३ मध्ये लोरिंग कोस या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाने प्रयोगशाळेत क्वार्ट्झवर हवेच्या नेहमीच्या दाबाच्या वीस हजार पटींहून अधिक दाब दिला तेव्हा त्याच रासायनिक घटकांचं एक अधिक घट्ट खनिज तयार झालं. त्याला कोएसाइट नाव पडलं. इतका दाब पृथ्वीच्या पोटात खूप खोलवर असतो, पण ज्वालामुखीच्या स्फोटात पृष्ठभागाजवळ तो निर्माण होऊ शकत नाही. १९६० मध्ये भूशास्त्रज्ञ एडवर्ड चाओ, यूजीन शूमेकर आणि सहकाऱ्यांना अमेरिकेतल्या ॲरिझोनाच्या अशनी विवरात नैसर्गिक कोएसाइट सापडलं. त्याच उन्हाळ्यात शूमेकर रीसमध्ये आले. तिथल्या ओटिंग गावच्या खाणीतून दगडाचे नमुने घेतले आणि चाओंकडे तपासायला पाठवले. त्यात कोएसाइट निघालं. वाद संपला.

शूमेकरांनी चर्चच्या भिंतीकडे पाहूनच दगड ओळखला असंही सांगितलं जातं. ते तसंच झालं की नाही कोण जाणे. पण दगड तोच होता, एवढं खरं.

घडलं ते असं. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वी एक किलोमीटरभर किंवा त्याहून थोडा मोठा लघुग्रह सेकंदाला वीसेक किलोमीटर वेगाने इथे आदळला. इतक्या वेगाच्या टकरीत आदळणारी वस्तू घुसून बसत नाही. तिची गतिऊर्जा क्षणार्धात उष्णतेत आणि धक्क्याच्या लाटेत बदलते, लघुग्रहाची आणि खालच्या खडकाच्या काही भागाची वाफ होते. वर चुनखडक होता, त्याच्याखाली ग्रॅनाइट आणि नाइस हा पट्टेदार खडक. आधी वरच्या थरांचा चुराडा बाहेर फेकला गेला. त्याच्यावर मग खोलातून उसळलेला, अर्धवट वितळलेला, तापलेला माल पडला. वितळलेला भाग थंड होऊन काच झाली आणि त्यात अडकलेले ग्रॅनाइटचे, नाइसचे तुकडे तसेच राहिले. चिक्कीत गुळाच्या पाकात दाणे अडकतात तसे. हा दगड म्हणजे सुएव्हाइट, आणि सेंट जॉर्जचं चर्च त्याचं आहे.

इथे दोन गैरसमज दूर करायला हवेत. पहिला, मनोरा ‘उल्केच्या दगडाचा’ आहे असं लोक लिहितात. नाही. उल्केची तर वाफ झाली. दगड पृथ्वीचाच आहे, आघाताने नव्याने घडवलेला. दुसरा, मनोऱ्यात हिरे आहेत. हे खरं आहे, पण ऐकून पिशवी घेऊन निघू नका. नाइसमध्ये ग्रॅफाइट होतं, धक्क्याच्या दाबाने त्याचे सूक्ष्म हिरे झाले. रीसच्या परिसरात असे ७२,००० टन हिरे असावेत असा एक अंदाज सगळीकडे छापला जातो. ते इतके बारीक आहेत की सूक्ष्मदर्शकाशिवाय दिसत नाहीत आणि बाजारात त्यांना काही किंमत नाही. पर्यटकांना हिऱ्यांची गोष्ट आवडते, म्हणून ती चालते. मला त्यापेक्षा कोएसाइटची गोष्ट मोठी वाटते.

पंधराव्या शतकातल्या गवंड्यांनी हा दगड घेतला तो जवळ होता म्हणून. आल्टेनब्यूर्गची खाण गावापासून काही किलोमीटरवर आहे. सुएव्हाइट सच्छिद्र, म्हणून हलका. नव्वद मीटर वर चढवायचा दगड हलका असलेला बरा. छिन्नीलाही तो मऊ लागतो. त्याची पूड चुन्यात मिसळली तर पाण्यातही घट्ट बसणारा गारा तयार होतो, म्हणून सिमेंटच्या कामासाठी तो आजही खणला जातो.

दुखणंही याच गुणांमधून आलं. सच्छिद्र दगड पाणी पितो. सुएव्हाइटमध्ये ओलाव्याने फुगणारी चिकणमातीची खनिजं असतात. पावसाळी दिवसांत ती फुगतात, कोरड्या दिवसांत आकसतात. हिवाळ्यात छिद्रांमधल्या पाण्याचं बर्फ होतं आणि ते आतून ढकलतं. दगडाचे पापुद्रे सुटतात. कोरीव काम आधी जातं, कारण त्याला तीन बाजूंनी हवा लागते. मनोऱ्याचे वरचे भाग सर्वांत उघड्यावर, म्हणून सर्वांत जास्त झिजलेले. अशा चर्चभोवती परांची कायमची दिसते, एका बाजूची डागडुजी होईपर्यंत दुसरी बाजू तयारच असते. चांगला चुनखडक वापरला असता तर मनोरा अधिक टिकला असता, हे निखालस. पण मग १९६० नंतर त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहिलं नसतं.

लोणारकडून पाहिलं तर

बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार मराठी माणसाला माहीत आहे. तिथेही हाच वाद झाला: ज्वालामुखी की अशनी? सारा दख्खन ज्वालामुखीच्या बसाल्टचा, त्यामुळे ज्वालामुखीच्या बाजूचं पारडं तिथे आणखी जड होतं. १९७३ मध्ये फ्रेडरिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांच्या शोधनिबंधाने आघाताच्या दाबाने काच झालेलं फेल्डस्पार हे बसाल्टमधलं खनिज दाखवून निकाल लावला. तर्क तोच, साक्षीदार वेगळा. बसाल्टमध्ये क्वार्ट्झ जवळपास नसतं, म्हणून कोएसाइट शोधून उपयोग नव्हता.

लोणारचं विवर सुमारे १.८ किलोमीटरचं, रीसच्या तुलनेत वाटीएवढं. आणि वयाने फार तरुण. पण एक साम्य मजेशीर आहे. लोणारचं सरोवर खारं आणि अल्कधर्मी आहे. रीसमध्येही आघातानंतर तळं साठलं होतं आणि तेही बराच काळ खारं, अल्कधर्मी राहिलं. १९७३ मध्ये न्योर्डलिंगनजवळ १,२०६ मीटर खोल भोक पाडलं तेव्हा त्या तळ्याच्या गाळाचा तीनशे मीटरहून जाड थर लागला. तो गाळ साचूनच आजचं सुपीक सपाट मैदान झालं. लोणार अजून रीसच्या तरुणपणाच्या अवस्थेत आहे. देवळांचा फरक मात्र लक्षात ठेवायला हवा. लोणारच्या परिसरातली देवळं दख्खनच्या दगडाची, न्योर्डलिंगनच्या चर्चचा दगड आघातानेच जन्माला आलेला.

या दगडासाठी चंद्रावर जाणारेही इथे येऊन गेले. ऑगस्ट १९७० मध्ये अपोलो १४ चे ॲलन शेपर्ड आणि एडगर मिचेल, आणि त्यांच्या जागी लागल्यास जाणारे यूजीन सर्नन व जो एंगल, रीसच्या खाणींमध्ये दगड ओळखायला शिकले. चंद्रावर जिथे उतरायचं होतं तो फ्रा मॉरो प्रदेश जुन्या महाकाय आघाताच्या फेकलेल्या मालाचा मानला जात होता, म्हणजे तिथे चिक्कीच्या जातीचेच दगड मिळणार होते. सगळे वैमानिक, भूशास्त्रज्ञ एकही नाही. तुकड्यांतला कोणता तुकडा मोलाचा हे डोळ्यांनी ठरवायची सवय त्यांना हवी होती.

गावात १९९० पासून रीस विवर संग्रहालय आहे, सोळाव्या शतकाच्या सुरुवातीच्या एका धान्यकोठारात. तिथे अपोलो १६ ने आणलेला चंद्राचा दगड ठेवला आहे. कुणी जाणार असेल तर क्रम उलटा ठेवावा असं मी सुचवेन: आधी संग्रहालय, मग चर्चची बाहेरची भिंत, मग ३५० पायऱ्या. सुएव्हाइटमधले काळपट काचेचे तुकडे आणि पांढुरके ग्रॅनाइटचे तुकडे एकदा संग्रहालयात नीट पाहिले की चर्चच्या भिंतीत ते सगळीकडे दिसू लागतात. वर सज्जावर हवा स्वच्छ असेल तर विवराची कड सगळ्या बाजूंनी दिसते. धुकं असेल तर नुसती गावाची लाल छपरं.